अडीच हजार दिरहमांची सिस्टर

१९९६ : मुंबईत अडीच हजार दिरहमांच्या करारावर सही. त्याच वर्षी दुबईत उतरताच अरबीतील दुसऱ्या कागदावर सही; पगार पंधराशे. २००१ : त्याच मार्गाने भाचीचे आगमन. २००२ : मृत्यू. जबाबदार : मुंबईचा भरती दलाल आणि येथील परिचारिका पुरवणाऱ्या कंपनीचा व्यवस्थापक.

मृत्यू झाला तो वसईच्या लुर्दिन सिस्टरांचा. दुबईतल्या करामा वस्तीत त्या माझ्या शेजारी राहत. कंपनी त्यांना आज शारजाच्या दवाखान्यात, तर उद्या अजमानच्या एखाद्या घरी रुग्णसेवेला धाडी. अरब म्हाताऱ्यांशी त्या बेधडक मराठीत बोलत. "यल्ला बाबा, कूस बदला!" आणि बाबा निमूट कूस बदलत.

खोलीचे व गाडीचे पैसे कापून हाती अकराशे उरत. म्हणजे तेरा हजार रुपये. गावी मात्र त्यांनी तीस सांगितले होते. मी कारण विचारले.

"परबसाहेब, चर्चमध्ये मिस्सा सुटली की बायका आधी पगार विचारतात. तेरा म्हटलं तर म्हणतील, दुबईत भांडी घासते का?"

मी वकिलाच्या कचेरीत टंकलेखक. दोन्ही करार जोडून तक्रार तयार केली. सिस्टर हसल्या. "पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि सही माझी? खलास! उद्याच घरी पाठवतील."

मग त्यांच्या भावाने जमीन गहाण टाकली आणि मुलीसाठी, सेलिनासाठी, तोच दलाल गाठला. सिस्टरांनी दुकानातून फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. "दादा, पोरीला नको पाठवू. मला तेराच मिळतात रे."

भावाचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचला. "इतकी वर्षं तीस सांगितलेस. माझ्या पोरीची पाळी आली तर तेरा?"

सिस्टर रिसीव्हर ओढणीने पुसत राहिल्या.

सेलिना आली. तिच्यापुढेही दुसरा कागद आला. "सही करू नकोस," सिस्टर म्हणाल्या.

"आत्या, पपांनी लाख रुपये भरलेत," म्हणत तिने सही केली.

त्यानंतर सेलिनाच्या पगारातली तूट सिस्टर स्वतः भरू लागल्या. भावाच्या हाती दरमहा तीस हजार पडावेत, जमीन सुटावी, म्हणून सुटीच्या दिवशीही त्या खासगी रुग्ण सांभाळीत. मी चिडलो, "कंपनीबाहेर काम करणे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारे आहे."

"थाप मी मारली, परबसाहेब. तिच्यापुरती तरी खरी करू दे."

अजमानच्या एका घरी, भर दुपारी, रुग्णाच्या खाटेशेजारी खुर्चीतच त्या गेल्या. त्या आजारी म्हाताऱ्यानेच ओरडून घर गोळा केले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. जमीन अजून गहाणच आहे.

दलालाची जाहिरात आजही छापून येते : परिचारिका पाहिजेत, अडीच हजार दिरहम, राहणे मोफत. दलालाने आणि व्यवस्थापकाने त्याच वृत्तपत्रात, त्याच जागी, स्वतःच्या नावानिशी उत्तर द्यावे : लुर्दिन सिस्टरांच्या हाती अडीच हजार दिरहम कोणत्या महिन्यात पडले? मला एकच महिना दाखवा.