निशाणवाल्याचा कोट

आमचे हे पलटणीत निशाण धरतात. वर्षातून एकदा संचलनाच्या पुढे चालायचं आणि बाकी वर्षभर एका कोटाच्या मापात राहायचं, एवढीच नोकरी.

लाल बनातीचा तो कोट पलटणीच्या पहिल्या निशाणवाल्याचा. त्यात टाका घालायचा नाही की उसवायचा नाही, अशी रीत. माणसाने कोटात बसायचं. हे नवे भरती झाले तेव्हा शिंप्याने सहज ह्यांच्या अंगावर चढवला, तर चपखल बसला. तेव्हाच्या निशाणवाल्याने ह्यांना मिठी मारली आणि ढसाढसा रडला. सासूबाई हे कौतुकाने सांगायच्या. तो सुटला म्हणून रडला, हे मला लग्नानंतर कळलं.

कोटाच्या बाहीवर फीत एकच. दुसरी लावायची तर टाका पडणार, म्हणून ह्यांना बढती नाही. बरोबरीचे तीन-तीन फिती लावून घरी गेले. ह्यांनी सुटका मागितली तर साहेब म्हणाले, "कोट बसणारा दुसरा आणा आणि खुशाल जा."

इकडे माझ्या भावाने सायकलच्या दुकानात ह्यांच्यासाठी भागीदारी ठेवली होती. "या वर्षी आलात तर तुमची, नाहीतर दुसरा बघतो," त्याने सांगून टाकलं. मग मी कंबर कसली. दोनदा जेवणाऱ्या माणसाला चारदा वाढलं.

"अगं, जीव घेतेस का?"

"खा निमूट. यातच आपली सुटका आहे."

गाल वर आले, पोट सुटलं. नवऱ्याची ढेरी बघून एवढी हरखलेली बाई दुसरी नसेल!

संचलनाआधी माप झालं. बटण काही लागेना. मी इकडे सामान बांधायला घेतलं, तर ह्यांच्याऐवजी शिंपी दारात.

"वहिनी, त्यांना बराकीत ठेवून घेतलंय. खाणं मोजून, आणि दोन्ही वेळा पळायचं. कोट बसला की घरी सोडतील."

"आणि नाही बसला तर?"

"बसेल हो. आधीच्यांनाही बसला होता."

बसला. तोवर भावाने दुसरा भागीदार घेतला होता. हे घरी आले ते बसलेली गालफडं घेऊन. आता बोटभर जरी वाढले तरी परत बराकीत, असा हुकूम आहे.

परवा जेवताना ह्यांनी ताट पुढे केलं. मी भांड्यावर झाकण ठेवलं. "पुरे आता," म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे बघतात तसं, आणि ताटावरून उठले.