बोटं राहू दे, तळवा ठेव

हामादाच्या बंदरामागच्या चढावर किनुए उराबे एकोणचाळीस वर्षं रोग्यांना सुया लावते आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली की माणसाची नाडी तिला पाण्यासारखी लागे. कुणाची वाळूवरून सरकणारी, कुणाची खडकात अडकलेली. मग ती चांदीची सुई कातडीला नुसती टेकवी, आत घालत नसे. नाडी भरून आली की उचली.

गेल्या शरदापासून उजव्या बोटांना ते पाणी लागेनासं झालं, आणि दोन्हींचा ताळा जुळल्याशिवाय एकट्या डाव्या हाताचं तिला काही उमगत नसे. मानेत शीर दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. बरं होईल असं म्हणाले नाहीत. तिने कुणाला सांगितलं नाही. नाडीच कळत नसेल तर रोग्यापाशी बसायचं कशाला, हा प्रश्न ती रोज सकाळी अंथरुणाची घडी घालताना टाळत होती.

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी तिच्याकडे मंडळी जमत. सगळे एकाच धंद्यातले, पण एकाचं दुसऱ्याशी पटत नसे. इकेगामी दवण्याच्या जातीचा सुका पाला तांदळाच्या दाण्याएवढा कातडीवर जाळी. तरुण सायोको नळीतून सुई टोचायला शिकलेली, ती आता किनुएकडे न टोचायला शिकत होती. अंधशाळेपासूनचा सोबती तोकुजी नाडीला हातच लावत नसे. तो पोट चाचपी, त्यावर जाड सुई उभी धरी आणि छोट्या लाकडी हातोडीने ठोकी. किनुए त्याला सुतार म्हणे. तो म्हणे, ‘‘तू सुई लावतेस कुठे? नुसती दाखवतेस.’’

जमल्यावरची रीत जुनी होती. एकाने आडवं व्हायचं, दुसऱ्याने सुई लावायची, तिसऱ्याने नाडी धरून ती बदलली त्याच क्षणी सांगायचं. लावणाऱ्याचा हात त्यावरून तयार होतो.

मार्चमधल्या त्या रविवारी इकेगामी आडवा झाला. सायोको त्याच्या घोट्याशी बसली, किनुएने मनगटं धरली. खोलीत जळलेल्या पाल्याचा वास होता, खाली बंदरात एक बोट संथ गुरगुरत होती. किनुएच्या उजव्या हाताच्या बोटांखाली नुसतं धुकं. पण सुई उचलताना सायोकोचा श्वास थांबतो, हे किनुएला ठाऊक होतं. हिवाळाभर तिने त्यावरच निभावलं होतं. श्वास थांबला.

‘‘आता,’’ ती म्हणाली. ‘‘भरली नाडी.’’

मग सायोको हळूच म्हणाली, ‘‘बाई, मी अजून सुई टेकवलीच नाही. शिंक दाबत होते.’’

इकेगामी पडल्या पडल्या हसला. किनुएही हसली. तोकुजी तेवढा हसला नाही.

चहा झाला, बाकीचे गेले. तो बसून राहिला.

‘‘कधीपासून?’’

‘‘शरदापासून.’’

‘‘आणि रोगी?’’

‘‘अंदाजाने,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘उद्यापासून बंद करते.’’

तो चटईवर उताणा झाला आणि तिचा उजवा हात ओढून त्याने आपल्या पोटावर ठेवला. ती सवयीने बोटांची टोकं दाबू लागली.

‘‘बोटं राहू दे. तळवा ठेव.’’

तळव्याला आधी ऊब लागली. मग ऊब सरकली. बरगड्यांखाली ताठ दोरी होती, नाभीखाली ओहोटीनंतरच्या रेतीसारखा गार, मऊ पट्टा. तो श्वासाबरोबर वर येई, खाली जाई. किती वेळ गेला तिला कळलं नाही. बंदरातली बोट तोवर दूर गेली होती.

‘‘इथे गार आहे,’’ ती म्हणाली.

‘‘आहे. चाळीस वर्षं हसलीस त्याला.’’ त्या गार जागी जाड सुई उभी धरून त्याने तिच्या हातात हातोडी दिली. ‘‘ठोक.’’

तिने ठोकलं.

‘‘हळू. सुतार आहेस का?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजारातली ओतोमे आली. आडवी होताच तिने नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले. किनुएने ते परत तिच्या कुशीला ठेवले.

‘‘उजव्या बोटांना नाडी लागत नाही आता,’’ ती म्हणाली. ‘‘पोट बघू देशील? शिकते आहे.’’

ओतोमेने हात उचलले. मग तिने कंबरपट्टा सैल केला.