साइमीचा पांढरा दोरा

मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपिरिअर सरोवराकाठच्या त्या गावात कुणाचं बाण लागलेलं हरीण झुडपांत गडप झालं, की लोक साइमी लेहतोलाला बोलवायचे. शाळेच्या स्वयंपाकघरात हयात घालवलेली ही ठेंगणी बाई, भुवया कायम चढवलेल्या. पिशवीत गॅसबत्ती, रक्ताच्या खुणेपाशी अडकवायला टॉयलेट पेपरची गुंडाळी आणि जखम धुवायच्या औषधाची फवाऱ्याची बाटली. पानावरचा लाल ठिपका रक्ताचा की नुसता पानगळीचा, अशी शंका आली की ती फवारा मारायची. फेस आला तर रक्त. नाही आला तर बोलावणाऱ्याची खैर नसायची.

पण तिचा खरा जीव होता तो दोऱ्यावर. धनुष्याच्या पुढं बसवलेली एक डबी, आत पांढरा दोरा, त्याचं टोक बाणाला बांधलेलं. बाण घेऊन हरीण पळालं की दोरा डबीतून सुटत जातो, मग त्याच्यामागं चालत जायचं. दुकानात नव्या तऱ्हेची धनुष्यं आली आणि लोकांनी असल्या डब्या अडगळीत टाकून दिल्या. साइमीनं टाकली नाही. तिचा नवरा रेइनो, खाणीतून निवृत्त झालेला उंच गडी, तिला चिडवायची एक संधी सोडायचा नाही.

"अगं, शिकारीला निघालीस की स्वेटर विणायला?"

"गेल्या वर्षी तू बाण मारलेलं ते हरीण कुठाय रे? स्वेटर घालून फिरतंय का?"

आणि तिचा एक नियम होता. बाण लागला की मचाणावरून लगेच उतरायचं नाही. जखमी जनावर जवळच कुठंतरी बसतं. माणसाची चाहूल लागली की उठतं, लांब पळतं आणि हकनाक मरतं. दोरा हलतोय तोवर त्यात जीव आहे. तो थांबला की आणखी थोडं थांबायचं, मग उतरायचं. रेइनोनं हे इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी दोघं आपापल्या मचाणांवर होती. रेइनोचं मचाण दलदलीच्या पलीकडं, देवदारांत. सरोवरावरून वारा असा सुटला होता की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. ऊन वर येता येता शिंगवाला नर आला, साइमीनं बाण सोडला, तो बरगडीमागं लागला. दोरा सरसर करत पळाला, देवदारांकडं गेला आणि थांबला.

तिनं थर्मास उघडला. कॉफी ओतली. तेवढ्यात दोरा हलला.

वीतभर ओढला गेला. थांबला. पुन्हा वीतभर. पुन्हा थांबला. एवढं सावकाश ओढणारं हरीण तिनं कधी पाहिलं नव्हतं. धडपडतंय बिचारं, तिला वाटलं, उठायला बघतंय आणि उठता येत नाही. तिला फार वाईट वाटलं. शिकारी असली तरी हाल बघवत नसत तिला. उतरावं का, असंही एकदा मनात आलं. पण नियम म्हणजे नियम.

"सोड रे बाबा," ती दोऱ्याकडं बघत पुटपुटली. "सोड जीव आता. किती छळ करून घेशील?"

दोरा ओढला जात राहिला. तिची कॉफी संपली, डब्यातली मांस-बटाटा भरलेली पास्टी खाऊन झाली, तरी ओढला जात राहिला. मग एकदम निपचित पडला. साइमी आणखी थोडी थांबली आणि खूश होऊन खाली उतरली. आता काळीज कांद्यात परतायचं आणि रेइनोचं तोंड बंद करायचं, असे बेत रचत, दोरा बोटांतून सोडत ती दलदल ओलांडून गेली. हातात सुरी तयार होती.

देवदाराखाली आधी तिला बूट दिसला. मग पाय, भलत्याच कोनात वळलेला. वर मचाणाची पायरी मोडून लोंबत होती. रेइनो उताणा पडला होता, ओठ निळे पडलेले, आणि पांढरा दोरा त्याच्या हातमोज्याला वेढे घालून पुढं झुडपात निघून गेला होता. डोळे मिटलेले.

साइमीच्या हातातून सुरी गळून पडली. आपण कुठं आहोत, हेच तिला क्षणभर कळेना. हरणाच्या जागी हा कसा? डोक्यात दुसरा विचारच येईना. ती मटकन त्याच्याजवळ बसली.

रेइनोनं डोळे उघडले.

"आलीस," तो म्हणाला. बरगड्या मोडल्या होत्या, शब्दागणिक कळवळत होता. "हरीण खालून गेलं... बघायला म्हणून उतरत होतो."

"हाक का नाही मारलीस रे?"

"श्वास कुठाय हाक मारायला? दोरा हाताशी होता. ओढत बसलो. जोरात ओढावा तर तुटेल."

"तू ओढत होतास?" ती म्हणाली. "तो तू होतास?"

"हो ना. किती ओढला! बाईसाहेब काही येईनात." त्यानं पुन्हा डोळे मिटले. "मग लक्षात आलं. जिवंत हरणाकडं ही कधी यायची नाही. म्हणून मेलो."

साइमीनं आपला कोट त्याच्या अंगावर टाकला आणि ती रस्त्याकडं धावत सुटली. काट्यांनी गाल फाटले, ते तिला संध्याकाळी इस्पितळात आरशात दिसलं.

रेइनो वाचला. पुढं सॉनाच्या गरम वाफेत बसून तो हा किस्सा रंगवून सांगायचा, मेल्याचं सोंग वठवून दाखवायचा, आणि माणसं हसून हसून बेजार व्हायची. "आणि तू वर बसून काय करत होतीस गं?" कुणीतरी हमखास विचारायचं.

"थांबले होते," ती म्हणायची आणि पाणी आणायला उठून जायची.