तंटामुक्त अंगणवाडी

पंचशीलाताईंना टीव्ही पाहिजे होता तो स्वतःच्या घरासाठी नव्हे. घरी त्या मालिका लावून पाच मिनिटांत घोरायला लागत. टीव्ही पाहिजे होता तो चकलांब्याजवळच्या त्यांच्या वाडीतल्या अंगणवाडीला. उमापूरच्या इंग्रजी नर्सरीची पिवळी गाडी रोज सकाळी वाडीत येऊन हॉर्न वाजवायची आणि ताईंची पोरं उचलून न्यायची. त्या नर्सरीत पडद्यावर हत्ती नाचतो म्हणे. पोरं अशीच घटत गेली तर अंगणवाडी शेजारच्या गावाला जोडणार, असं वरून कानावर आलं होतं. म्हणून ताई दर ग्रामसभेत पदर खोचून भांडल्या, आणि शेवटी सरपंच तात्याबांनी कंटाळून अंगणवाडीला मोठा टीव्ही दिला. आता हत्ती वाडीतही नाचू लागला. पोरं परत आली, पिवळी गाडी फाट्यावरूनच वळायला लागली. ताई त्या दिवसांत जरा तोऱ्यात चालायच्या, आणि का चालू नये?

अशात त्यांच्या वरच्या अधिकारी स्वप्ना मॅडम यांचा फोन आला. नॉर्वेहून बालवाडीच्या शिक्षिका येणार होत्या. तिकडच्यांनी इकडचं शिकायचं, मग इकडच्या कुणी तरी तिकडं जाऊन तिकडचं शिकायचं, अशी देवाणघेवाण. विषय, लहान मुलांचं यंत्राविना शिक्षण. साऱ्या तालुक्यातून हीच अंगणवाडी निवडली होती, कारण इथं काहीच नाही अशी वर खात्री होती. ताई म्हणाल्या, आता टीव्ही आहे. मॅडम म्हणाल्या, मग दोन दिवस नसू दे.

टीव्ही चादरीत गुंडाळून तात्याबांच्या बैठकीत गेला. दारावर 'तंत्रमुक्त अंगणवाडी' असा फलक लावायचा होता. तो रंगवायला भागवत पेंटर आला. भागवतचा सगळा जन्म हागणदारीमुक्त, व्यसनमुक्त आणि तंटामुक्त गावं रंगवण्यात गेलेला. 'तंत्रमुक्त' हे काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. सांगणाऱ्याची जीभ घसरली असेल असं समजून त्यानं मोठ्या मनानं चूक सुधारली आणि लाल रंगात झोकात लिहिलं, 'तंटामुक्त अंगणवाडी'. मॅडमच्या लक्षात आलं तेव्हा पाहुण्यांची गाडी दारात उभी होती.

पाहुण्या इंग्रिडबाईंनी फलकावर काय लिहिलंय ते विचारलं. सोबतच्या दुभाषी मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं की इथं भांडणं होत नाहीत. बाईंचे डोळे विस्फारले. तीन-चार वर्षांची पोरं आणि भांडण नाही! आत त्याच वेळी रुद्राणीनं जीवनचे केस दोन्ही मुठींत धरले होते. मदतनीस भिमाबाईंनी चपळाईनं मधे पडून टाळ्या वाजवत गाणं सुरू केलं, आणि पाहुण्यांनी हा इथला पारंपरिक खेळ असावा असं समजून फोटो काढले.

मग ताईंना शाल घातली. इंग्रिडबाईंनी विचारलं, तुम्हाला इथं टीव्ही असावा असं वाटतं का? ताईंच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण समोर कॅमेरा, अंगावर शाल, आणि सातासमुद्रापलीकडची बाई त्यांचं तोंड बघत होती. इतकं कौतुक ताईंच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं. त्या विरघळल्या.

"कशाला पायजे टीव्ही?" त्या म्हणाल्या. "आमच्या लेकरांना माती लई हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ते बोलणं साऱ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरलं. स्वप्ना मॅडम यथावकाश नॉर्वेला जाऊन बर्फात फोटो काढून आल्या. दोन दिवसांसाठी गेलेला टीव्ही मात्र तात्याबांच्या बैठकीतच राहिला. ताई मागायला गेल्या, तर तात्याबांनी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि त्यांचंच बोलणं त्यांना मोबाइलवर लावून दाखवलं. ताईंचा आवाज चढला.

"ताई, हळू," तात्याबा म्हणाले. "तंटामुक्त अंगणवाडीच्या ताईनं तंटा केल्यावर नॉर्वेवाले काय म्हणतील?"

ग्रामसभा हलवणाऱ्या बाईला त्या दिवशी रडू आलं, तेही रागाचं, आणि ते तात्याबांसमोर नको म्हणून चहा तसाच ठेवून त्या निघाल्या.

पुढच्या सोमवारी अंगणवाडीत एकही पोर आलं नाही. मटकीची उसळ निवत चालली. ताईंना वाटलं, पिवळी गाडी परत सुरू झाली असणार, आता कुलूपच लागणार. पण भिमाबाई बाहेर बघून आल्या आणि म्हणाल्या, गाडी न्हाई आली, पोरं तात्याबाच्या घरी हायेत.

ताई तरातरा गेल्या, मागोमाग भिमाबाई. बैठकीत सगळी पोरं मांडी घालून टीव्हीपुढं बसली होती, कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. सगळ्यांना हाताला धरून न्यायचं, असं ठरवून ताई पोरांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मागं बघ, म्हणून त्यांनी पुढं बसलेल्या रुद्राणीला हाक मारली. हजेरीला रोज पहिली "हाजर" म्हणणाऱ्या त्या पोरीनं एकदाच मान वळवली.

"ताई, खाली बसा," ती म्हणाली. "मागच्यांना दिसंना."

ताई खाली बसल्या आणि भिमाबाईंना म्हणाल्या, उसळीचं पातेलं इकडंच आणा.