१६८ ते १७४

पुण्यात सैन्याच्या ट्रेनिंगला रिपोर्ट केलं तेव्हा माझं वय साडेसतरा. शिक्षण आठवी, गाव गोंदियाकडचं, घर सोडण्याची पहिलीच वेळ. ट्रेड शेफ. मिसरूड नव्हतं. उंची १६८ सेंटिमीटर, भरतीच्या अटीला बरोबर काठावर. ती माझ्या कागदावर लिहिली गेली.

०५०० ला उठणं, ०६०० ला पीटी, मग ड्रिल. ड्रिलला आम्ही कदवार उभे राहायचो, उंच पोरं उजवीकडे, बुटकी डावीकडे. मी डावीकडे अगदी शेवटचा. लंगरमध्ये दोन्ही वेळा पोटभर जेवण मिळायचं. घरी एवढं मी दिवाळीतही जेवलो नव्हतो. देवाचे आणि सरकारचे आभार मानून दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो.

चौथ्या महिन्यात आवाज फुटला. सहाव्या महिन्यात पॅन्ट घोट्याच्या वर गेली. शेजारच्या खाटेवरचा इम्रान शेख विश्रांतवाडीचा. त्यानं पाहिलं.

"तू वाढतोयस."

"मग?"

"कागदावर १६८ आहे ना? उंची जुळली नाही की बोगस धरतात. भरतीला दुसराच उभा होता म्हणतात. सामान बांधून ठेव."

त्यानं चेष्टा केली होती. मी खरं मानलं. त्या दिवसापासून पॅन्टची मुडप उसवून खाली घेतली आणि ड्रिलला गुडघे किंचित वाकवून उभा राहू लागलो. तीन महिने. आमचे उस्ताद हवालदार कदम रोज ओरडायचे, "शेवटचा! सरळ उभा राहा!" मी छाती काढायचो. गुडघे तसेच.

कसम परेडच्या, म्हणजे ट्रेनिंग संपताना शपथ घेतात त्या परेडच्या, चार दिवस आधी मेडिकल लागलं. मला जेवण गेलं नाही. परत गेलो तर आईला काय सांगणार, एवढंच डोक्यात होतं. ०९३० ला नंबर आला. डॉक्टर कॅप्टन मॅडम पुण्याच्याच. मी उंचीच्या पट्टीखाली उभा राहिलो.

"अहो, बसायला सांगितलेलं नाही."

"उभाच आहे, मॅडम."

"मग गुडघ्यांनाही तसं कळवा."

दारात उस्ताद होते. मी सरळ झालो. मॅडमनी पट्टी वाचली. "१७४."

"मॅडम, मी तोच आहे! बोगस नाही! आईला विचारा!" आवाज मध्येच चिरकला.

कुणी हसलं नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दाढी कधी आली?"

"यायचीय, मॅडम."

"मुलांची उंची बहुतेक अठराच्या आसपास थांबते. ज्यांचं वयात येणंच उशिरा होतं, ती विशीपर्यंतही वाढतात. हाडांच्या टोकाला वाढीची जागा असते. ती बंद झाली की संपलं. तुमचं दुकान उशिरा उघडलंय, इतकंच. त्यासाठी सैन्य कुणाला घरी पाठवत नाही." त्यांनी १७४ लिहून टाकलं.

बाहेर आल्यावर उस्ताद म्हणाले, "तीन महिने वाकून ड्रिल केलंस?"

"होय, उस्ताद."

"मी समजत होतो तुला संधिवात आहे. आता उजवीकडून तिसरा."

आणि हे माझ्या डोक्यात कुणी घातलं ते कळल्यावर इम्रानला ग्राउंडला पाच चकरा.

माझ्या मापाची पॅन्ट स्टोअरमध्ये परेडपर्यंत येणार नव्हती. आदल्या संध्याकाळी उस्तादांनी स्वतःची आणून दिली, इस्त्री केलेली. "धुऊन परत दे."

परेड झाली. मी ताठ होतो. पॅन्ट धुऊन नेली, तोवर उस्तादांचा मूव्ह, बदलीचा हुकूम, निघाला होता. ते पलटणीत गेले. दीड वर्षानं, मी सीमेजवळच्या एका लंगरमध्ये कणीक मळत असताना बातमी आली. चौकीवर हल्ला झाला होता. हवालदार कदम शहीद. मी कणीक मळत राहिलो. संध्याकाळी दोनशे जणांचं जेवण होतं.

आता मी रिटायर्ड, धायरीत राहतो. उस्ताद गेले त्या तारखेला दरवर्षी त्यांची पॅन्ट धुतो, इस्त्री करतो आणि दाराला टांगतो. लांबीला अजून मला बरोबर आहे. कमरेबद्दल मॅडम काही बोलल्या नव्हत्या. यंदा चौदा वर्षांचा मुलगा ती कमरेला लावून उभा राहिला. पॅन्ट चार बोटं जमिनीवर लोळत होती.

"बाबा, मी कधी पुरणार हिला?"

"वेळ आहे," मी म्हणालो. "तोवर सरळ उभा राहा."