घोरण्याचा साक्षीदार

बोईसरच्या एका डॉक्टरने माझ्या बायकोला फसवलं. ती दिवसा पेंगते, सकाळी डोकं ठणकतं, एवढं ऐकून त्याने वयावर बोट ठेवलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन वर्षं त्याच चालू. मी सोबत गेलो की मला बाहेर बसवायचा.

मी कारखान्यांतली रिकामी पिंपं घेऊन विकतो. पिंप वाजवून, वास घेऊन मगच भाव बोलतो. या डॉक्टरने न वाजवताच निकाल दिला.

तिचा श्वास झोपेत अडतो, हे फक्त मला माहीत होतं. घोरता घोरता एकदम शांत व्हायची, मग गुदमरल्यासारखी दचकून पुन्हा सुरू. ती स्वतः आत काय सांगणार? बाईने घोरणं तिला लाजिरवाणं वाटायचं. सालवडला माझ्या बहिणीकडे कार्य असलं की ती मुक्कामाला झोपतच नसे. भाज्या चिरत बसायची. लोक कौतुक करायचे. दुसऱ्या दिवशी मांडवात बसल्या बसल्या डोळा लागला की बहीण म्हणायची, "वहिनी म्हंजे सुखी जीव. आमाला नाय बाबा असं जमत."

शेवटी पालघरला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, झोपेत हिचा श्वास थांबतो का? मी सगळं सांगून टाकलं.

"मी नाय घोरत," बायको म्हणाली. "यांच्या कानात पिंपं वाजतात."

बाई हसल्या नाहीत. झोपेत घशाची वाट मिटते, श्वास अडतो, मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, असं त्यांनी समजावलं. माणसाला आठवतही नाही, पण झोप पुरी होत नाही. खात्रीसाठी एक रात्र त्यांच्या दवाखान्यात झोपायचं होतं. डोक्याला तारा, नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. पण शेजारच्या खोलीत यंत्रावर लक्ष ठेवणारा परका पुरुष बसून ऐकणार, म्हणून ही लग्नघरात असल्यासारखी टक्क जागी राहिली. तपासणी फुकट गेली.

पुन्हा या म्हणाले, तेव्हा मी भांडलो. ती इथे झोपणार नाही, तुमचं यंत्र आमच्या घरी पाठवा. बाई म्हणाल्या, तसं लहान यंत्र असतं, हिच्यासाठी तेवढं पुरेल.

घरी ती झोपली. अहवालात श्वास तासातासाला कितीतरी वेळा अडलेला, रक्तातला प्राणवायू खाली गेलेला. बाईंनी बोईसरच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी मागून घेतली आणि गंभीर झाल्या. अशा आजारात या झोपेच्या गोळ्यांनी श्वास आणखी दबू शकतो. त्या हळूहळू कशा सोडवायच्या ते सांगितलं, आणि झोपताना नाकाला लावायचं हवेचं यंत्र दिलं.

 बायकोने विचारलं, "म्हंजे मी आळशी नाय?"

तिला हे विचारावं लागलं, याचा माझा राग अजून उतरलेला नाही. डॉक्टर, तुम्ही तिला झोपेची गोळी दिलीत. ती झोपते कशी, हे एकदाही का विचारलं नाहीत? मला उत्तर नको. तिच्यासमोर बसा आणि तिला द्या.