पाडसाची हाक

भर दुपारी सुकरदादाने झाडाचं पान ओठांत धरलं आणि हरवलेल्या पाडसासारखा टाहो फोडला. या वयातही माझ्या अंगावर काटा आला. याच आवाजाने तो पूर्वी हरणींना बोलवायचा आणि माझे वडील बंदूक झाडायचे. मी मोठी दयाळू! मांडीचा तुकडा आधीच मागून ठेवायचे. आता तो वनखात्यासाठी हरणं मोजतो.

"टेकडीवर एक तरी उरली असेल का रे?"

"गप बसा ताई. तुमच्या तोंडापायी तेव्हाही शिकार पळायची."

गवत हललं. एक हरणी बाहेर आली. दादाने वहीत रेघ ओढली. आमचं काम झालं, पण ती हलेना. आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे टक लावून उभी राहिली. पाडस नाहीच, हे तिला कुणी सांगायचं?